तो चेंडू हळूच आला होता

दिलदार आवान हे नाव तुम्ही ऐकलेलं असण्याची शक्यता फार कमी. १९५९ च्या जानेवारीत कराचीमध्ये कायदेआझम करंडकाची फायनल चालू होती. एकीकडे कराचीचा संघ, दुसरीकडे कम्बाइन्ड सर्व्हिसेस, म्हणजे पाकिस्तानी सैन्यदलांचा संघ. दिलदार सर्व्हिसेसकडून ऑफस्पिन टाकत होता. समोर कराचीचा पोरगेलासा विकेटकीपर अब्दुल अझीझ, वय अठराच्या आसपास. दिलदारने एक ऑफब्रेक टाकला. चेंडू हळू होता. तो अझीझच्या छातीवर लागला. अझीझ सावरला, पुढचा चेंडू खेळायला उभा राहिला आणि तो चेंडू पडायच्या आत कोसळला. हॉस्पिटलच्या वाटेवरच त्याचा जीव गेला.

क्रिकेटच्या इतिहासात अझीझचं नाव राहिलं. मला मात्र राहून राहून दिलदारचा विचार येतो. त्याला कारण आहे. मी नाशिकचा, आणि रविवारी गोल्फ क्लबवर ऑफस्पिन टाकतो. मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण अख्खं शहर त्याला गोल्फ क्लबच म्हणतं. माझा चेंडू इतका निवांत जातो, की बॅट्समन मध्येच चहा पिऊन येईल असं मित्र म्हणतात. अशा चेंडूने माणूस मरू शकतो? आणि मेलाच, तर टाकणाऱ्याने उरलेलं आयुष्य कसं काढायचं?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर विज्ञानाने दिलंय. फक्त ते यायला फार उशीर झाला.

वर्मी घाव

छातीवर बसलेल्या साध्या माराने माणूस जागीच जातो, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. सुश्रुतसंहितेत शरीरातली १०७ मर्मं सांगितली आहेत. त्यातली १९ 'सद्यप्राणहर', म्हणजे तिथे मार बसला की लगेच प्राण जातो. हृदय हे त्यातलंच एक. मराठीत आपण आजही 'वर्मी लागलं' म्हणतो, तेव्हा हीच जुनी समजूत आपल्या बोलण्यात असते.

म्हणजे जागा माहीत होती. पण मग एक कोडं उरतं. छातीवर मार तर रोजच बसतो. कबड्डीत बसतो, कुस्तीत बसतो, शाळेच्या व्हरांड्यात मस्ती करतानाही बसतो. हजारो वेळा काही होत नाही आणि एखाद्या वेळीच माणूस जातो. असं का?

या कोड्याचं उत्तर सापडत नव्हतं तोवर लोक दोनच गोष्टी म्हणायचे. एक, पोराचं हृदय आधीपासूनच कमजोर असणार. दोन, मारणाऱ्याने जोरात मारलं असणार. पहिल्यात दोष मेलेल्याचा, दुसऱ्यात मारणाऱ्याचा. अझीझच्या बाबतीतही कमजोर हृदयाची चर्चा झाली. असेलही तसं. पण त्या काळी दुसरं स्पष्टीकरण सहज हाताशी नव्हतंच.

बॉनमधला विसरलेला माणूस

गंमत म्हणजे, ते स्पष्टीकरण अर्धंमुर्धं तयार होतं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या डॉक्टरांना असे मृत्यू दिसत होते. भिंत अंगावर पडली, यंत्राचा दांडा छातीवर बसला, माणूस गेला. आणि शव उघडून पाहिलं तर हृदयाला ओरखडासुद्धा नाही. त्यांनी याला लॅटिन नाव दिलं, कमोशिओ कॉर्डिस. शब्दशः अर्थ 'हृदयाची खळबळ'. हृदय फाटलेलं नाही, ठेचलेलं नाही, फक्त ढवळलं गेलंय.

१९३० च्या दशकात जर्मनीतल्या बॉन शहरात गेऑर्ग श्लोम्का नावाच्या डॉक्टरने प्राण्यांवर पद्धतशीर प्रयोग केले. मार नेमका कुठे बसला, किती जोराने बसला आणि कशाने बसला, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं असं त्याने दाखवलं. पुढे ते काम मागे पडलं. अझीझ पडला तेव्हा श्लोम्काच्या प्रयोगांना वीसेक वर्षं होऊन गेली होती, पण क्रिकेटच्या मैदानावर त्याची कुणाला खबर असण्याचं कारणच नव्हतं.

खेळाडू आरोपीच्या पिंजऱ्यात

माहिती मागे पडली की काय होतं, ते इटलीत दिसलं. जानेवारी १९९२ मध्ये तिथल्या आइस हॉकीच्या एका सामन्यात जिम्मी बोनी नावाच्या खेळाडूची स्टिक मिरान श्रोटच्या छातीवर बसली. आइस हॉकीत असे धक्के नेहमीचेच. श्रोट एकोणीस वर्षांचा होता. तो बर्फावर कोसळला आणि वारला. बोनीवर मनुष्यवधाचा खटला भरला गेला. दोन वर्षांनी त्याने कमी गंभीर आरोप कबूल केला, दंड भरला आणि सुटला.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत जरा शहाणा आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतलं कलम ८७ म्हणतं, की जीव घेण्याचा किंवा गंभीर इजा करण्याचा हेतू नसताना आणि तशी शक्यता माहीत नसताना, अठरा वर्षांवरच्या माणसाच्या संमतीने केलेल्या गोष्टीतून त्याला इजा झाली तर तो गुन्हा नाही. त्याखाली उदाहरण दिलंय ते चक्क खेळाचं आहे: गंमत म्हणून तलवारबाजी करणाऱ्या दोघांचं. खेळायला उतरलात म्हणजे नियमात राहून होणारी इजा तुम्ही मान्य केलीत, असा त्याचा आशय. आताच्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम २५ मध्ये आहे.

पण कायद्याने सोडलं म्हणून मन सोडतं असं नाही. आणि लोक तर नाहीच नाही.

बॉस्टनची डुकरं

१९९५ मध्ये बॅरी मॅरन या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसोबत २५ मुलांच्या आणि तरुणांच्या मृत्यूंचा अभ्यास छापला. कुणाला बेसबॉल लागला होता, कुणाला हॉकीचा पक, कुणाला दुसऱ्या खेळाडूचं कोपर. काही जण स्पर्धेत खेळताना गेले, काही घरच्या अंगणात. मार फार जोराचा वाटावा असा नव्हता, आणि मृत्यूचं कारण ठरेल असा हृदयाचा आजारही सापडला नव्हता.

मग असं काय घडत होतं? उत्तर १९९८ मध्ये बॉस्टनहून आलं. (त्याच वर्षी आमच्या नाशिकमध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ सुरू झालं. योगायोगच, पण नाशिककर म्हणून लक्षात राहिला.) मार्क लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान डुकरांना भूल दिली, त्यांच्या हृदयाचा विद्युत आलेख लावला आणि त्या आलेखाशी वेळ जुळवून बेसबॉलचा मार छातीवर दिला. चेंडूचा वेग ताशी सुमारे ४८ किलोमीटर. गल्लीतला पोरगासुद्धा याहून जोरात टाकतो.

निकाल धक्कादायक होता. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात, एका आकुंचनानंतर पुढच्याची तयारी होत असताना, एक अगदी नाजूक क्षण येतो. आलेखावर तो 'टी' लहरीच्या शिखराआधी १५ ते ३० मिलिसेकंदांवर दिसतो. त्या फटीत बसलेल्या दहा माऱ्यांपैकी नऊ माऱ्यांनी हृदयाची लय कोसळली. बाकी वेळी मात्र, तोच चेंडू, तोच वेग, तीच जागा असूनही तसं झालं नाही.

ती फट होती सेकंदाच्या जवळपास सत्तराव्या भागाएवढी. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

नाशिकच्या माणसाला हे ढोलाच्या भाषेत लवकर कळतं. ढोलपथक रंगात आलंय, सगळे एका ठेक्यात आहेत. टिपरू वर उचललेलं असतानाच्या क्षणी मध्येच कुणीतरी चुकीचा दणका देतो. एक जण चुकतो, त्याला पाहून दुसरा, आणि बघता बघता प्रत्येक जण आपापला वाजवायला लागतो. आवाज भरपूर, ठेका शून्य. हृदयाचंही तेच होतं. स्नायूंचे सगळे धागे थरथरत राहतात, पण एकदम आवळत नाहीत, म्हणून रक्त पुढे जात नाही. डॉक्टर याला वेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात.

इथे आणखी एक गोंधळ दूर करायला हवा. कुणी तरुण अचानक गेला की बातमीत सरसकट 'हार्ट अटॅक' छापून येतं. हार्ट अटॅक म्हणजे पाइप तुंबणं: हृदयाला रक्त देणारी वाहिनी बंद होते. आपण बोलतोय ते कार्डिअॅक अरेस्टबद्दल. तिथे वायरिंग बिघडतं आणि पंप थांबतो. अरेस्टची कारणंही अनेक असतात. जन्मजात दोष असतात, जाड झालेला हृदयाचा स्नायू असतो. छातीवरचा मार हे त्यातलं एक, आणि तेही दुर्मीळ. अमेरिकेत अशा घटनांची नोंदवही ठेवली गेली, तिच्यात २०१० पर्यंत २२४ घटना जमा झाल्या होत्या. सरासरी वय १५, आणि बहुतेक सगळे मुलगे. या वयात छातीचा पिंजरा लवचीक असतो, त्यामुळे मार आतपर्यंत पोचतो.

पुढच्या प्रयोगांत दिसलं, की सगळ्यात धोक्याचा वेग ताशी ६४ किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे फास्ट बोलरचा नव्हे, माझ्यासारख्याचा. चेंडू जितका टणक तितका धोका जास्त. दिलदारचा चेंडू हळू होता, म्हणून त्याने कुणी मरणं अशक्य, असं आता म्हणता येत नाही.

सुश्रुताला जागा माहीत होती. श्लोम्काने जोर आणि वस्तू मोजली. बॉस्टनने वेळ शोधली. आणि वेळ हाच मुद्दा असेल, तर दोषाचं सगळं गणित बदलतं. जगातला कुठलाही बोलर समोरच्याच्या हृदयातली ती फट साधून चेंडू टाकू शकत नाही. कुठलाही बॅट्समन ती चुकवू शकत नाही. यात ना मेलेल्याचा दोष, ना मारणाऱ्याचा.

गोव्याची दहा नंबरची जर्सी

पण शोध लागणं वेगळं आणि तो मैदानापर्यंत पोचणं वेगळं. ५ डिसेंबर २००४ ला बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपची फायनल होती. गोव्याचा डेम्पो क्लब विरुद्ध कोलकात्याचा मोहन बागान. डेम्पोचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनिअर पंचवीस वर्षांचा होता, आणि त्या दिवशी डेम्पोचे दोन्ही गोल त्याचेच. दुसरा गोल करताना त्याची आणि गोलकीपर सुब्रत पालची धडक झाली. चेंडू जाळ्यात गेला आणि ज्युनिअर मैदानावर पडला. तो पुन्हा उठला नाही. डेम्पोने २–० ने कप जिंकला. गोव्यात तो आनंद साजरा करण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. क्लबने त्याची दहा नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली.

या मृत्यूला वैद्यकीय नाव कोणतं द्यायचं, हा डॉक्टरांचा विषय. मला महत्त्वाचं वाटतं ते नंतर घडलेलं. देशभर चर्चा झाली ती मुख्यतः सुब्रत पालची. मुद्दाम मारलं का? किती जोरात मारलं? त्याच्यावर दोन महिन्यांची बंदी आली. पाल तेव्हा अवघा सतरा-अठरा वर्षांचा होता, जवळपास अझीझच्याच वयाचा. पुढे तो भारताचा नंबर एकचा गोलकीपर झाला, २०११ च्या आशियाई कपमधल्या त्याच्या खेळाचं कौतुक झालं, २०१६ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. तरी त्याच्यावरच्या लेखांत ज्युनिअरचं नाव आल्याशिवाय राहत नाही.

मैदानावर शॉक देणारं यंत्र होतं का, पहिल्या तीन मिनिटांत काय केलं गेलं, हे प्रश्न त्या गदारोळात मागे पडले. खरं तर तेच पहिले प्रश्न होते.

दोन हात

ते पहिले का, हे कळायला परत १९५९ कडे जावं लागतं. कराचीत अझीझ पडला, त्याच सुमारास अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कॉवेनहोवन, जेम्स ज्युड आणि गाय निकरबॉकर एका वेगळ्याच गोष्टीच्या मागे होते. कॉवेनहोवन डॉक्टर नव्हते, इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते. विजेच्या तारांवर काम करणारे लाइनमन शॉक लागून मरत होते, म्हणून शॉकनेच हृदय पुन्हा सुरू करण्याचे प्रयोग चालू होते. १९५८ मध्ये निकरबॉकरच्या लक्षात आलं, की यंत्राची जड पॅडल्स कुत्र्याच्या छातीवर नुसती दाबली, तरी रक्तदाब थोडा वाढतो. म्हणजे छाती उघडायची गरजच नाही, बाहेरून दाबलं तरी रक्त फिरतं.

जुलै १९६० मध्ये त्यांचा निबंध छापून आला. आज ज्याला सगळं जग सीपीआर म्हणतं, त्यातले छातीवरचे दाब तिथून सुरू झाले. अझीझ त्याच्या दीड वर्ष आधी गेला होता. त्याच्या भोवती जमलेल्या माणसांनी काहीही केलं नसेल, तर तो त्यांचाही दोष नव्हता. काय करायचं हे जगातच फार थोड्यांना माहीत होतं.

आपल्याला ही सवलत नाही.

पुन्हा ढोलपथकाकडे या. गोंधळ माजला की वादक आणखी जोरात वाजवून तो निस्तरत नाही. सगळ्यांचे हात एकदम थांबवावे लागतात, मग ताशा ठेका धरतो आणि पथक त्याच्या मागे जातं. शॉकचं यंत्र नेमकं हेच करतं. ते हृदयाला क्षणभर गप्प करतं आणि हृदयातल्या मूळ ताशेवाल्याला पुन्हा सुरुवात करू देतं. तोवर मेंदूला रक्त पुरवत राहायचं काम दोन हातांचं. शॉकविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते.

अमेरिकेच्या त्याच नोंदवहीत हा फरक दिसतो. १९७० ते १९९३ या काळात अशा दहा जणांमागे एक वाचत होता. २००६ ते २०१२ मध्ये निम्म्याहून जास्त वाचले. छातीचा पिंजरा तोच, चेंडूही तेच. भोवतीची माणसं लवकर धावू लागली आणि यंत्रं हाताशी आली, एवढाच मोठा बदल.

२ जानेवारी २०२३ ला तो बदल जगाने टीव्हीवर पाहिला. अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात सिनसिनाटीला डामार हॅमलिन हा चोवीस वर्षांचा खेळाडू एका टॅकलनंतर उभा राहिला आणि कोसळला. अगदी अझीझसारखा. डेनी केलिंग्टन या ट्रेनरने मैदानावरच सीपीआर दिला, तिथेच शॉक दिला गेला. पुढच्या हंगामात हॅमलिन पुन्हा खेळायला उतरला. निदान होतं कमोशिओ कॉर्डिस. ज्याच्याशी धडक झाली त्या टी हिगिन्सला सोशल मीडियावर लोकांनी शिव्या घातल्याच. पण हॅमलिनच्या घरच्यांनी त्याला धीर दिला. आणि मैदानावरच्या लोकांनी तेव्हा दोष कुणाचा हे शोधत न बसता हात चालवले होते.

आपलं मैदान

२०२२ च्या जुलैत तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात कबड्डीच्या सामन्यात एका तरुणाच्या छातीवर प्रतिस्पर्ध्याचा गुडघा बसला. तो उठू पाहत होता, तेवढ्यात कोसळला आणि गेला. तो व्हिडिओ तुमच्याही व्हॉट्सअॅपवर आला असेल. आपण तो पाहिला, हळहळलो आणि पुढे पाठवला. कबड्डी आपली, टेनिस बॉलच्या रात्रीच्या स्पर्धा आपल्या, लेदर बॉलच्या अकॅडम्या गल्लोगल्ली. ती वेळ आपल्या मैदानावर आली तर?

गोल्फ क्लबपासून सिव्हिल हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर आहे. तरीही हिशेब करा. पोरगा पडला, सगळे गोळा झाले, कुणी गाडी काढायला गेलं, चौघांनी उचललं, गाडी त्र्यंबक रोडच्या ट्रॅफिकमध्ये शिरली. इतक्यात सहा-सात मिनिटं सहज जातात, आणि त्या वेळात छातीवर कुणाचेच हात नसतात. हॉस्पिटल कितीही जवळ असलं तरी पहिली तीन मिनिटं मैदानावरच्या लोकांची असतात.

आणि त्या तीन मिनिटांत आपण करतो काय? तोंडावर पाणी मारतो. पडलेल्याचे हातपाय झटके देतात, ते पाहून 'फिट आली' म्हणतो आणि नाकाशी कांदा किंवा चप्पल धरतो. नाशिकमध्ये कांद्याला तोटा नाही, पण थांबलेल्या हृदयाला तो काही करत नाही. अधूनमधून एखादी घरघर ऐकू येते आणि 'श्वास चालू आहे' म्हणून सगळे निर्धास्त होतात. ती घरघर म्हणजे श्वास नव्हे.

लक्षात ठेवायचं ते इतकंच: छातीवर मार लागून पडला, हाक मारून हलवलं तरी प्रतिसाद नाही, नीट श्वास नाही, तर हृदय थांबलंय असं समजा. एकाने १०८ लावायचा. दुसऱ्याने त्याला पाठीवर झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबायला लागायचं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण पाच सेंटिमीटर खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दमलात की दुसऱ्याला बसवा, पण थांबू नका. एईडी, म्हणजे शॉकचं स्वयंचलित यंत्र, जवळ असेल तर तिसऱ्याने ते आणायला पळायचं. ते यंत्र काय करायचं ते बोलून सांगतं, आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही.

छातीचं पॅड घातलं म्हणून निश्चिंत राहता येत नाही, कारण पॅड घातलेली मुलंही त्या नोंदवहीत आहेत. लहान मुलांसाठी मऊ चेंडू वापरला तर धोका कमी होतो. एईडीची किंमत आपल्याकडच्या बऱ्याच स्पर्धांच्या पहिल्या बक्षिसाएवढी. मंडप, डीजे, ट्रॉफी आणि पाहुण्यांच्या शाली यांच्या यादीत ती एक ओळ टाकायला काय हरकत आहे? आणि यंत्र नाहीच जमलं, तर स्पर्धेच्या सकाळी सगळ्या संघांना अर्धा तास सीपीआर शिकवायला मैदान आणि एक माहीतगार माणूस पुरतो.

बॉस्टनच्या त्या डुकरांनी दिलदारला निर्दोष सोडलं, अझीझलाही सोडलं. बोनी, पाल, हिगिन्स, सगळेच सुटले. आता त्या यादीत उरलोत आपण, मैदानाच्या कडेला उभे असलेले.